ग्राफिक्स ड्रायव्हर वारंवार कोसळतो : खाऱ्या हवेतील घरगुती संगणकाची तपासणी

लक्षणे

संगणक नेहमीसारखा चालू असताना पडदा अचानक काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी चित्र परत येते आणि काही घडलेच नाही अशा थाटात काम पुढे सुरू होते. कधी चित्र परत येते, पण चालू असलेला गेम किंवा व्हिडिओ संपादनाचा प्रोग्राम बंद पडलेला असतो. कधी चित्र गोठते, माऊसचा बाण हलत नाही, मात्र गाण्याचा आवाज चालूच राहतो. कधी ब्राउझरमधला व्हिडिओ तेवढा हिरवा पडतो. दुखणे वाढले की निळा पडदा येतो आणि त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ अशी अक्षरे दिसतात. ही सगळी एकाच घरची लक्षणे आहेत : पडद्यावरचे चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, कोसळल्याची. हे लिखाण त्यांच्यापुरते आहे.

दोन लक्षणे मात्र वेगळी ठेवावीत. संगणक कोणतीही सूचना न देता एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर आधी वीजपुरवठा पाहावा. संगणक सुरू होताना, विंडोज येण्याच्याही आधी, कंपनीच्या चिन्हावरच रंगीत ठिपके किंवा आडवे पट्टे दिसत असतील, तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या क्षणी तो लोडच झालेला नसतो. तेथे दोष कार्डाचा, केबलचा किंवा मॉनिटरचा असतो.

मी गुहागरात राहतो. घर आणि समुद्र यांच्यामध्ये एक नारळी-पोफळीची वाडी आणि सुरूची रांग एवढेच काय ते अंतर. गेल्या नऊ-दहा वर्षांत स्वतःच्या, नातेवाइकांच्या आणि गावाच्या वरच्या-खालच्या पाटातील, म्हणजे वस्तीतील, ओळखीच्या घरांतल्या संगणकांवर हाच बिघाड इतक्या वेळा निस्तरला आहे की त्याची एक वही झाली आहे. त्या वहीत दोन हंगाम ठळक दिसतात. एक गणपतीच्या आधीचा आठवडा, जेव्हा जूनपासून बंद असलेली घरे उघडली जातात आणि चाकरमान्यांची मुले आल्या-आल्या संगणक सुरू करतात. दुसरा एप्रिल-मे महिन्यांतील संध्याकाळचा. ड्रायव्हरची नवी आवृत्ती काही गणपतीचा मुहूर्त पाहून बाहेर पडत नाही, तेव्हा कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असणार, हे मला जरा उशिराच सुचले.

सूचनेचा अर्थ

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये एक पहारेकरी आहे. ग्राफिक्स चिपला दिलेले काम दोन सेकंदांत पुढे सरकले नाही, तर चिप अडकली असे समजून तो चिप आणि ड्रायव्हर दोन्ही नव्याने सुरू करतो. यालाच टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, संक्षेपाने टीडीआर, म्हणतात. एका मिनिटात पाचाहून अधिक वेळा असे घडले, तर विंडोज नाद सोडते आणि निळा पडदा दाखवते. चिप का अडकली याचा शोध हा पहारेकरी घेत नाही. तिला वीज कमी पडलेली असो, रॅमने चुकीचा आकडा दिलेला असो, कार्डाचा एक संपर्क खाचेत सुटलेला असो, नोंदीत नाव लागते ते ड्रायव्हरचे. म्हणून ड्रायव्हर पुन्हा-पुन्हा काढून घालणे हे पुष्कळदा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होते.

पहारेकऱ्याची दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातून, वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरच्या संगणकावर तो मानू नये. त्रिमितीय चित्रणाचे किंवा गणिताचे खरोखरच लांब काम चिपला देणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, इतरांना त्यामुळे दोन सेकंदांचा काळा पडदा दहा सेकंदांचा होऊन मिळतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

प्रथम नोंद पाहावी. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ हा पर्याय येतो. त्यात दिवसवार तक्ता असतो आणि लाल फुल्यांवरून बिघाड कोणत्या तारखेपासून सुरू झाला हे एका नजरेत कळते. त्या तारखेला ड्रायव्हर किंवा विंडोज अद्ययावत झाल्याची नोंद असेल, तर निम्मे काम झाले. येथे ‘हार्डवेअर एरर’ आणि ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ १४१ किंवा ११७ असे लिहिलेले पाहून पुष्कळ जण कार्ड गेले असे समजतात. तसे समजू नये. त्या पहारेकऱ्याच्याच कारवाईची ती नोंद आहे, बिघाडाचे मूळ तिच्यातून कळत नाही.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ पाहावे. ‘डिस्प्ले’ या नावापुढे ४१०१ हा क्रमांक असेल, तर तो ड्रायव्हर कोसळून सावरल्याचा. मजकुरात एन-व्ही-एल-डी-डी-एम-के-एम असे अगम्य नाव असेल तर ड्रायव्हर एनव्हिडियाचा, ए-एम-डीने सुरू होणारे नाव एएमडीचे आणि आय-जी-एफ-एक्सने सुरू होणारे इंटेलचे. ‘कर्नल पॉवर’ ४१ म्हणजे संगणक नीट बंद न होता बंद झाला. ‘व्हिआ लॉगर’ १७ ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील पीसीआय एक्स्प्रेस या मार्गावर चूक झाली आणि ती दुरुस्त करून घेतली, असे ती बहुधा सांगते. पडदा काळा होण्याच्या आधी अशा नोंदींची रांग लागलेली असेल, तर पुढचे बरेचसे वगळून थेट खालच्या ‘कार्डाच्या पट्ट्या’ या भागाकडे जावे.

नोंदीतील वेळा कागदावर उतरवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका घरात एवढ्यानेच निकाल लागला. तेथे पडदा रोज संध्याकाळी सहाच्या आसपासच काळा होई. मुलगा म्हणे, त्या वेळी मी गेम खेळतो म्हणून. पाच दिवसांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या, तेव्हा त्याचे आजोबा म्हणाले, “अरे, ही तर शिंपण्याची वेळ.” वाडीत पाणी सोडण्यासाठी विहिरीवरचा पंप सुरू झाला की ओटीवरचा बल्ब क्षणभर मंद होई, आणि त्याच क्षणी माजघरात पडदा काळा होई. त्या संगणकावर त्याआधी चार वेळा ड्रायव्हर बदलून झाले होते.

दुसरी तपासणी केबलची. पडदा काळा झाला, पण नोंदीत त्या वेळेला काहीच नाही, असे असेल तर संशय केबलवर आणि मॉनिटरवर घ्यावा. एचडीएमआय केबलची दोन्ही टोके काढून उजेडात पाहावीत. आमच्याकडे खिडकीच्या बाजूचे टोक आधी काळवंडते. केबल बदलून पाहण्यासाठी विकत आणण्याची गरज नाही, टीव्हीची काढून एक दिवस लावावी. त्याच वेळी केबल कार्डालाच लावलेली आहे ना, हेही पाहून घ्यावे. ती मदरबोर्डच्या भोकात लावून महिनोन्‌महिने कार्डाच्या नावाने बोटे मोडणारी माणसे मी पाहिली आहेत.

तिसरी तपासणी म्हणजे वाढवून ठेवलेले वेग पूर्ववत करणे. कार्डाचा वेग वाढवणारा प्रोग्राम असेल तर तो काढावा, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी चालू असेल तर काही दिवस बंद ठेवावे. ज्या वेगावर संगणक डिसेंबरात बिनबोभाट चालतो, तोच वेग मे महिन्यात त्याला झेपेल असे नाही. पडदा फक्त ब्राउझरमध्येच अडखळत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे. त्याने त्रास थांबला, तर निदान शोध कोठे घ्यायचा हे कळते, पण तो इलाज नव्हे.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा पुन्हा सुरू होतो. पडदा काळा पडून परत आलाच नाही, तर संगणकाचे बटण दाबून धरण्याआधी हे करून पाहावे. न साठवलेले काम पुष्कळदा वाचते.

ड्रायव्हर

ड्रायव्हरचा दोष असतच नाही, असे माझे म्हणणे नाही. बिघाड ड्रायव्हर अद्ययावत झाल्याच्या तारखेलाच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबावे. जुनी आवृत्ती परत येते आणि आठवडाभर काही झाले नाही, तर तेथेच थांबावे. सर्वांत नवी आवृत्ती म्हणजे सर्वांत चांगली, हा समज सोडून द्यावा.

बटण फिके दिसत असेल किंवा त्याने भागले नाही, तर ड्रायव्हर समूळ काढून पुन्हा घालावा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हा मोफत प्रोग्राम आहे. आधी योग्य ड्रायव्हरची फाइल उतरवून ठेवावी, मग इंटरनेटची केबल काढावी किंवा वायफाय बंद करावे, संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर, सुरू करावा आणि डीडीयू चालवावा. इंटरनेट तोडण्याला कारण आहे. ते चालू राहिले तर विंडोज अपडेट मधल्या काळात स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर घालून मोकळे होते, आणि आपण एकावर एक दोन थर चढवतो. लॅपटॉपसाठी ड्रायव्हर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा, कारण तेथे दोन ग्राफिक्स चिपांची आपसातील देवाणघेवाण त्या मॉडेलसाठी बसवलेली असते.

जुन्या कार्डांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे आपल्याकडील पुष्कळ घरांत अजून चालू आहेत. त्यांतील केप्लर पिढीच्या चिपसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० ही शाखा शेवटची, त्यापुढची आवृत्ती बळेच घालू नये. त्यातही गोम अशी की जीटी ७३० या एकाच नावाने त्याआधीची फर्मी पिढीची चिपही विकली गेली आणि तिचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५ आहे. आपल्या कार्डात कोणती चिप आहे हे जीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये दिसते. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेले कार्ड असेल तर हा प्रोग्राम अवश्य चालवावा. जुन्या चिपला नव्या कार्डाचे नाव देऊन विकण्याचा उद्योग जुनाच आहे आणि अशी बनावट चिप तो बहुधा ओळखतो.

हा उपाय एकदा, फार तर दोनदा करावा. दोनदा स्वच्छ ड्रायव्हर घालूनही पडदा काळा होत असेल, तर तिसऱ्यांदा तेच करून वेगळे काही हाती लागत नाही. माझे तीन रविवार त्यातच गेले.

रॅम

संगणक रात्री मोकळाच असतो, तेव्हा रॅमची चाचणी झोपण्याआधी लावून द्यावी. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालेल, मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासते. एकही चूक खपवून घेऊ नये. चूक दिसली आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एक-एक लावून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात या तपासणीचे महत्त्व दुप्पट आहे, कारण त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो मुख्य रॅममधूनच वाटा घेतो.

उष्णता आणि धूळ

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ खाली जीपीयूचे, म्हणजे ग्राफिक्स चिपचे, तापमान दिसते. बहुतेक कार्डे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान आपला वेग आपणहून कमी करतात, म्हणजे तापलेले कार्ड आधी मंदावते आणि मग कोसळते. म्हणून आकडा ८५ च्या पुढे असेल आणि गेमही अडखळत असेल, तर उष्णतेवर संशय घ्यावा. पडदा ५५-६० अंशांवरच काळा होत असेल, तर पंखे पुसून फरक पडण्याची आशा धरू नये.

आमच्याकडची धूळ जांभ्याची, बारीक आणि तांबडी. एकट्या धुळीने फारसे बिघडत नाही, पण खारी ओल लागली की तिचा लेप होतो आणि तो पंख्याने उडत नाही. मऊ कुंचल्याने साफ करावे आणि तसे करताना पंखा बोटाने धरून ठेवावा. पंख्यांच्या आड, एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, जाळीत आणि केबलच्या भेंडोळ्यात पालीची अंडी, मुंग्यांचे वारूळ, कुंभारमाशीचे मातीचे घर असे काय-काय सापडते, ते सांगू लागलो तर विषय राहील बाजूला.

एक सवय मात्र मोडायला हवी. काम झाले की लगेच संगणकावर प्लॅस्टिकचे आवरण चढवण्याची. आत उबदार हवा कोंडते, रात्री ती थंड होते आणि पावसाळ्यात तिच्यातील ओल आतल्या धातूवरच बसते. आवरण सुती असावे आणि संगणक निवल्यावर घालावे.

कार्डाच्या पट्ट्या

किनाऱ्यावरच्या घरांत माझ्या वहीतील सर्वांत अधिक नोंदी या एका जागी येऊन थांबतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची दाटीवाटीची रांग असते आणि ती मदरबोर्डच्या खाचेत बसते. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. त्याखाली निकेल आणि तांबे असते. मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतात, वापराने तो झिजतो, आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ त्या छिद्रांत बसते. मीठ हवेतली ओल ओढून घेते, हे पावसाळ्यात मिठाच्या बरणीकडे पाहिले तरी कळते. ओल आणि क्लोराइड मिळाले की तांबे गंजू लागते आणि पट्टीवर हिरवट-काळा थर वर येतो. संपर्क पूर्ण तुटत नाही, तो कधी लागतो आणि कधी सुटतो. कार्डावर भार आला, ते तापले, किंचित प्रसरण पावले की सुटण्याची शक्यता वाढते. त्यामुळे साधे टायपिंग दिवसभर चालते आणि गेम सुरू केला की पाच मिनिटांत पडदा काळा. रोज चालणारा संगणक आतून कोरडा राहतो. तीन महिने बंद असलेल्या घरात तो ओल पीत बसतो.

उघडण्याआधी जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’ ही ओळ पाहावी, कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या किती मार्गांवर आणि कोणत्या पिढीने चालले आहे हे तीत दिसते. १६ मार्गांचे कार्ड ८ किंवा ४ वर चाललेले दिसले, तर काही संपर्क लागत नाहीत असा संशय घ्यावा. पण घाई करू नये. संगणक स्वस्थ असताना त्या ओळीतील पिढीचा आकडा खाली उतरतो, ते वीज वाचवण्यासाठी आणि नेहमीचेच आहे. शिवाय काही कार्डे मुळातच कमी मार्गांची असतात : जीटी १०३० चार मार्गांचे, आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ मार्गांचे.

आता प्रत्यक्ष कृती. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा, मग सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्यावी. कार्डाचा स्क्रू काढावा, वीजजोडणी असेल तर तिची कडी दाबून ती सोडवावी, आणि खाचेच्या टोकाची छोटी कडी दाबूनच कार्ड सरळ वर उचलावे. ही कडी न दाबता ओढल्यामुळे खाच उखडलेला मदरबोर्ड माझ्याकडे आठवण म्हणून ठेवलेला आहे.

२०१९ च्या श्रावणात मी माझे कार्ड असे पहिल्यांदा हातात घेतले, तेव्हा वरून ते नव्यासारखे दिसत होते. खिडकीशी नेऊन तिरपे धरले, तेव्हा एका टोकाच्या सात-आठ पट्ट्यांवर शेवाळासारखा हिरवट पट्टा दिसला. नखाने खरवडला तर निघेना. मुलीच्या कंपासपेटीतील पांढरा खोडरबर घेतला आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवला. रबराची टोके काळी झाली आणि पट्टीला पिवळी झाक आली. तो संगणक त्यानंतर मार्चपर्यंत एकदाही अडखळला नाही.

खोडरबर मऊ, पांढराच घ्यावा. शाईचा खरखरीत रबर, पॉलिश पेपर किंवा कानस यांनी उरलासुरला मुलामाही निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्रास दुप्पट होतो. रबराचा भुगा कुंचल्याने पूर्ण झाडावा, मग सुती कापडावर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि दहा मिनिटे वाळू द्याव्यात. हातांना लावण्याचे सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि इतर द्रव्ये असतात. तेल तर नकोच. खोबरेल लावले की गंज धरत नाही, असा सल्ला मला एकदा अगदी मनापासून मिळाला होता. खाचेत काहीही खुपसू नये, फार तर हवा मारावी, तीही तोंडाने नाही. त्यानंतर कार्ड खाचेत दोन-तीनदा घालून काढावे, म्हणजे खाचेतील पात्यांवरचा थरही घासला जातो, आणि शेवटी कडीचा आवाज येईपर्यंत दाबून बसवावे. मोठे कार्ड आपल्या वजनाने मागच्या टोकाला झुकते, तसे दिसले तर खालून आधार द्यावा. रॅमच्या कडेचे सोनेरी संपर्कही त्याच बैठकीत पुसून घ्यावेत.

जूनमध्ये घर बंद करून मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांनी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या, कामांत आणखी एक काम धरावे. कार्ड आणि रॅम काढून, त्या मूळ पिशव्यांत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. डबा मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, नको, माजघरातील कपाटात ठेवावा.

वीज

शिंपण्याच्या पंपाची हकीकत वर आलीच आहे. चांगला एसएमपीएस पुरवठा पूर्ण तुटला तरी पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. दाब आधीच उतरलेला असला, तर तेवढाही वेळ हाती राहत नाही. प्लगमध्ये लावायचा साधा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो दोन दिवस लावून ठेवावा. गणपतीच्या पहिल्या रात्री, सगळी घरे भरलेली आणि माळा लागलेल्या असताना, माझ्या घरात २३० च्या जागी १८८ दिसले होते. एसएमपीएसच्या चिठ्ठीवर १०० ते २४० लिहिले असेल तर तो हे पचवतो, २०० ते २४० लिहिले असेल तर नाही.

त्या चिठ्ठीवर आणखी एक हिशेब करावा. समोर ठळक ४५० वॅट लिहिलेले असते, पण कार्डाला लागते ती १२ व्होल्टची वीज. तेथे १६ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, आणि त्यातच प्रोसेसरही वाटेकरी. कार्डाला खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. कार्डावर दोन जोडण्या असतील, तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणाव्यात. एकाच केबलला पुढे फुटलेली दोन टोके लावून काम भागवले, की ती केबल तापते आणि भाराच्या वेळी दाब पडतो.

घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल, तर बिघाड वीज गेल्यावरच होतो का, हे पाहावे. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरशी अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज एकसारखी ओढण्याची सोय) असलेल्या एसएमपीएसचे पटत नाही. शुद्ध साइन लहरींचा यूपीएस महाग पडतो, पण तेथे दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग लागत नाही असे समजावे. एसएमपीएसमधील फिल्टरच्या कपॅसिटरांतून कॅबिनेटवर थोडी वीज कायम येत असते आणि तिने अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचे असते. ती वाट बंद झाली की ती एचडीएमआय केबलच्या वेष्टनातून मॉनिटरकडे किंवा टीव्हीकडे जाऊ पाहते आणि त्यात कार्डाचे भोक जळू शकते. जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात ओल राहत नाही आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. खड्ड्यात पाणी आपण घालू शकतो, मोजमाप आणि जोडणी मात्र परवानाधारक वायरमननेच करावी.

अदलाबदल

एवढ्याने भागले नाही, तर कार्ड काढून दोन-तीन दिवस प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर संगणक चालवावा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, एएमडीच्या रायझनपैकीही अनेकांत नसते, तेव्हा आधी खात्री करावी. त्रास थांबला, तर दोष कार्डात किंवा त्याच्या विजेत. थांबला नाही, तर रॅम, मदरबोर्ड किंवा विंडोज. मग तेच कार्ड दुसऱ्या, निरोगी संगणकात लावून पाहावे. तेथेही पडदा काळा झाला, तर कार्डाचा दोष जवळजवळ नक्की. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कार्ड, एसएमपीएस आणि ड्रायव्हर एकाच दिवशी बदलले, तर बरे कशाने झाले हे कधीच कळत नाही आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते.

कोठे थांबावे

जळका वास आला, एसएमपीएसमधून तडतड आवाज आला, कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या नव्हे तर धक्का बसला, तर मेन स्विच बंद करून तेथेच थांबावे आणि वायरमनला बोलवावे. एसएमपीएस कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरांत जीवघेणी वीज राहू शकते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, कार्डाच्या पाठीवर हिरवा गंज चिपच्या पायांपर्यंत पोहोचलेला दिसला, किंवा दोन वेगवेगळ्या संगणकांवर विंडोजच्या आधीच रंगीत पट्टे दिसले, तर घरगुती उपाय संपले. लॅपटॉपमध्ये चिप मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, म्हणून तेथे ड्रायव्हर, रॅम आणि पंख्याची सफाई यांच्या पलीकडे जाऊ नये. कार्ड वॉरंटीत असेल तर त्याचे कूलर उघडू नये, खोडरबराच्या पायरीवरच थांबून ते परत पाठवावे.

दुरुस्तीवाला चिप गरम करून बसवून देतो म्हणाला, तर विचारपूर्वक नकार द्यावा. अशी कार्डे काही आठवडे चालतात आणि पुन्हा पडतात. मी दोनदा पैसे दिले आणि दोन्ही वेळा दिवाळीपर्यंतही ती टिकली नाहीत.

संगणक दुरुस्तीला नेण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून घ्यावी, कारण दुकानात पहिला उपाय बहुधा विंडोज नव्याने टाकण्याचा होतो. सोबत वेळा लिहिलेला कागद न्यावा, आणि त्यावर कोणत्या तपासण्या झाल्या, कोणता ड्रायव्हर होता, रॅमच्या चाचणीत काय आले आणि व्होल्टमीटरवर कमीत कमी किती दाब दिसला, हे चार ओळींत लिहावे. चिपळूणच्या ज्या दुकानात मी जातो, तेथला तंत्रज्ञ आता माझ्याकडे आधी कागद मागतो आणि मग संगणक.